उजव्या दारातील रिकामी जाळी

गेल्या दिवाळीला याच अंकात मंचरचे एक प्रतिष्ठित व्यावसायिक श्री. दिलीपराव यांनी आपल्या धंद्यातील गमतीजमती सांगणारा लेख लिहिला होता. लेख वाचनीय होता, हे मी मान्य करतो. खोटे नेहमीच वाचनीय असते, कारण त्याला हवे तिथे वळवता येते. त्या लेखात एका ‘जुन्या काळच्या उस्तादा’चा किस्सा आहे. या उस्तादाने म्हणे एका शेठजींच्या फियाट गाडीत डाव्या दारात स्पीकर बसवला आणि उजव्या दारात नुसतीच जाळी ठोकून दिली. शेठजी बिचारे वर्षानुवर्षे अर्धेच गाणे ऐकत राहिले. लबाडी उघडकीस आल्यावर उस्तादाने काय करावे? तर पुन्हा तोच हात मारावा, आणि त्या खेपेस बसवलेला नवाकोरा स्पीकर काढून घरी न्यावा. लेखकाने उस्तादाचे नाव दिले नाही. ते त्यांचे सौजन्य. पण जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत गाड्यांच्या टेपचे काम करून म्हातारा झालेला आणि उस्ताद म्हणून ओळखला जाणारा माणूस एकच आहे, हे वाचकांना ठाऊक आहे आणि लेखकाला त्याहून अधिक ठाऊक आहे.

तो उस्ताद मी.

संपादकांनी मला सुचवले की खुलाशादाखल चार ओळींचे पत्र पाठवावे, ते कोपऱ्यात छापू. मी त्यांना कळवले की चार ओळींत माफी मागता येते, बाजू मांडता येत नाही. आणि माफी मागण्यासारखे माझ्याकडे काही नाही. म्हणून हा लेख.

ज्यांनी गाडीचे दार कधी उघडून पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी प्रथम धंद्याविषयी थोडे सांगतो. स्पीकर म्हणजे मागे एक लोहचुंबक, त्याच्या पोटात बारीक तारेचे वेटोळे, आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा शंकू. टेपमधून वीज आली की वेटोळे मागेपुढे होते, कागद हलतो, कागदाने हवा हलते. आपण ज्याला गाणे म्हणतो ते अखेरीस कागदाचे हलणे असते. आमचे घराणे जुन्नरच्या कागद्यांचे. चिंध्या कुजवून, कुटून, लगदा चाळणीवर धरून केलेला आणि गुळगुळीत दगडाने घोटलेला आजोबांच्या हातचा कागद मी पाहिला आहे. गिरणीच्या कागदाने तो धंदा मारला. लोक विचारत की कागद्याचा मुलगा टेपच्या धंद्यात कसा? मी सांगत असे की आम्ही धंदा बदललेला नाही. पूर्वी आमच्या कागदावर लिहीत, आता आमचा कागद बोलतो. स्पीकरचा शंकू फाटला तर इतर लोक स्पीकर फेकून देत. मी पातळ कागदाची पट्टी, त्याहून पातळ सरस आणि बोटाचे टोक एवढ्यावर तो सांधत असे. जोड कुठे आहे हे नंतर मलाही सापडत नसे.

जुन्या गाड्यांच्या दारांत स्पीकरसाठी जागाच केलेली नसे. काच खालीवर करण्याची दांडी काढायची, रेक्झिनने मढवलेला पुठ्ठा खिळखिळा न करता सोडवायचा, त्याला गोल छेद द्यायचा. खाली उतरलेली काच लोहचुंबकावर आपटू नये म्हणून लाकडाचे कडे करून स्पीकर थोडा बाहेर घ्यायचा. पावसाचे पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरते. ते कागदाला लागू नये म्हणून मागे प्लास्टिकचा पडदा लावायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन्ही दारांतील जोड सारखा ठेवायचा. साधा दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना टेकवला की कागद एक तर बाहेर येतो किंवा आत जातो. एका दारातला बाहेर आणि दुसऱ्यातला आत जात असेल, तर दोन्ही एकेकटे उत्तम वाजतात, पण एकत्र लावले की ढोलकीची थाप नाहीशी होते. ही चूक कुठल्याही मीटरशिवाय, नुसत्या सेलने कळते. सेल लावून बघण्याचा कंटाळा असेल तर मात्र कशानेच कळत नाही.

दिलीपराव त्या काळी माझे भागीदार होते. मंचरला एसटी स्थानकामागच्या गल्लीत आमचे दुकान होते. त्यांना सेलचा कंटाळा होता. मात्र माणसांचा कंटाळा नव्हता, हे मी मान्य करीन. गिऱ्हाईक दुकानात आणण्याचे काम त्यांचे, आणि दिलेला शब्द गाडीत उतरवण्याचे माझे.

त्यांच्या लेखातील आणखी एक किस्सा येथेच दुरुस्त करतो. अवसरी बुद्रुकचे एक बागायतदार आपली जीप घेऊन आले होते. तिच्या डाव्या दारातला स्पीकर दार उघडले की वाजे आणि लावले की बंद पडे. दिलीपरावांनी एकदा स्पीकर बदलून दिला होता, मग दुसऱ्यांदाही बदलून दिला होता. बागायतदार तिसऱ्यांदा आले ते थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

“उस्ताद, आता मी काय करू तेवढं सांगा. गाणं ऐकायचं म्हून दार उघडं ठिवून मंचरला येऊ व्हय? वाटंत कुणी तरी आत येऊन बसंल राव.”

दाराच्या बिजागरीपाशी रबराच्या नळीतून तार जाते. उघडझाप होऊन ती आतल्या आत तुटली होती; दार उघडे असताना टोके भिडत, लावले की सुटत. स्पीकर दोन्ही वेळा निर्दोष होता. दिलीपरावांच्या लेखात हा किस्सा असाच्या असा आहे, फक्त त्यात तुटलेली तार शोधणारे ते आहेत आणि स्पीकर बदलणारा मी आहे. वाचकांनी यावरून त्यांच्या पुढील मजकुराचाही अंदाज करावा.

आता शेठजींकडे येतो. त्यांचे नाव मी देणार नाही. त्यांच्या घराण्याला राजस्थानातून मंचरला येऊन इतक्या पिढ्या झाल्या होत्या की ते मराठीतच भांडत. कांदा-बटाट्याची त्यांची आडत होती. गाडी मोतिया रंगाची फियाट, आणि ती ते स्वतः चालवीत. ड्रायव्हरच्या हातात चाक देणे त्यांना स्वतःच्या पागोट्याला दुसऱ्याने हात लावल्यासारखे वाटे. मी त्यांच्या गाडीत नवा कॅसेट प्लेयर आणि दोन दारांत दोन स्पीकर बसवून दिले. त्यांना भजनांचा आणि जुन्या बैठकीच्या गाण्यांचा शौक होता. थोड्याच दिवसांत ते परत आले. दिलीपराव गिऱ्हाईक आणायला बाहेर गेलेले होते.

“उस्ताद, गाणारा येतो. पेटी कुठं जाते?”

मी तपासले. दोन्ही स्पीकर चोख होते, सेल लावून पाहिला तर जोडही बरोबर. मी डाव्या सीटवर बसलो आणि त्यांना गाडी महामार्गावर घ्यायला सांगितली. त्या काळात ध्वनिमुद्रण असे करीत की गाणारा एका बाजूला आणि साथ दुसऱ्या बाजूला. ट्रकांची रांग लागली होती. मी आवाज बेताचा ठेवून सगळा उजव्या दाराकडे वळवला. त्यांच्या गुडघ्याशी पेटी स्पष्ट वाजत होती.

“बंद का केलं?” त्यांनी विचारले.

मी काही बंद केले नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिले, आणि त्यांनाही कळले की मला कळले. त्यांनी गाडी कडेला एका बाभळीखाली घेतली आणि सांगून टाकले.

लहानपणी गालगुंड झाले होते, त्यात उजवा कान गेला. तेव्हापासून त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. आडतीवर ते नेहमी भिंत उजवीकडे ठेवून बसत, लिलावाच्या वेळी मुनीम उजव्या हाताला उभा करीत. मी म्हणालो, यात लपवण्यासारखे काय आहे? यावर ते पहिल्यांदाच हसले.

“उस्ताद, तुमी बाजार पाहिला न्हाई. बाजारात लंगडा चालतो, बहिरा चालत न्हाई. ज्या दिवशी कळंल का ह्यो कान गेलाय, त्या दिवसापास्नं समदे उजवीकडूनच बोलत्याल.”

घरात ठाऊक आहे का, असे मी विचारले.

“पोरांना न्हाई. पोरं म्हंजे बाजारच.”

मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि माझा हात त्याखाली घेतला. पूर्वी मोठे सौदे रुमालाखाली होत. दोघांचे हात झाकलेले, भाव बोटांनी सांगायचा आणि बोटांनीच मान्य करायचा. चारचौघांत उभे राहूनही कुणाला कळू नये अशी ती रीत. बाजार समित्यांनी ती केव्हाच बंद केली. शेठजींनी त्या रीतीने माझी बोटे दाबली. भाव ठरलेला नव्हता. ठरले होते ते एवढेच की ही गोष्ट त्या बाभळीखालीच राहील.

त्यानंतर मी जे काम केले त्याचा मला आजही अभिमान आहे. डावी आणि उजवी अशा दोन्ही बाजू मी एकत्र केल्या. ज्यांना धंदा कळत नाही ते स्पीकरच्या तारा एकमेकींना पिळतात आणि अ‍ॅम्प्लिफायर जाळून घेतात. मी प्लेयर उघडून, अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी, आवाज अगदी अशक्त असतो त्या ठिकाणी दोन रोधक (रेझिस्टर) झाळून जोड केला. मग मोठा स्पीकर डाव्या दारात आणि एक छोटा डाव्या कोपऱ्यात मागे बसवला. उजव्या दारातला स्पीकर काढून त्यांच्या हाती दिला. काढलेला माल गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, हा माझा नियम होता. त्याविषयी बाजारात कुणालाही विचारावे. उजव्या दारात मात्र जाळी तशीच ठेवली, कारण तिथे गोल भोक दिसले असते तर मुलांनी विचारले असते. माझ्या हातून बाहेर पडलेल्या गाड्यांमध्ये खोटी जाळी असलेली गाडी ती एकच, आणि ती खोटी ठेवायला मला सांगण्यात आले होते.

शेठजी पुन्हा महामार्गावर गाडी घेऊन गेले. परत आले तेव्हा खिडकीतून एवढेच म्हणाले, “पेटी आली.”

एका माणसाच्या एका कानासाठी संपूर्ण गाणे बसवून द्यायचे, असे काम मला त्यापूर्वी कुणी सांगितले नव्हते आणि नंतरही नाही.

पुढे दिलीपरावांची आणि माझी भागीदारी मोडली. का मोडली याचीही त्यांची एक कथा आहे. ती मी त्यांच्याकडेच राहू देतो. मी जुन्नरला घरातच काम सुरू केले. त्यांनी महामार्गाला लागून काचेचे मोठे दालन उघडले. तिथे सीटची कव्हरे, रंगीत दिवे आणि टीव्हीसारखे पडदे मिळतात. तिथे पुठ्ठा सोडवत नाहीत, उपटतात. असो. एका दसऱ्याला हत्यारांच्या पूजेला त्यांनी मला बोलावले. ज्येष्ठ म्हणून बोलावले, असे मला वाटले. गेलो तर अंगणात मोतिया फियाट उभी. शेठजींच्या थोरल्या मुलाने वडिलांना न सांगता ती नवा प्लेयर आणि नवे स्पीकर बसवायला दिली होती, आणि वडिलांना सणाचे म्हणून तिथे आणले होते. पूजेला बाजारातली बरीच मंडळी होती. उजव्या दाराची जाळी काढलेली होती. दिलीपरावांनी त्या भोकात विजेरी मारली आणि मला हाक दिली.

“चाचा, या की. तुमचं मशीन दावा आमाला. आमाला तर आत निसती हवा दिसतीय.”

लोक हसले. एक जण म्हणाला, हवा पण गाडीवाल्याचीच, उस्तादाची ती पण न्हाई. मी शेठजींकडे पाहिले. एका वाक्याचे काम होते. ‘मीच सांगितले होते’ एवढे म्हणाले असते तर त्यांचा कान उघडा पडला नसता. गाडी माझी, मर्जी माझी, विषय संपला असता. त्यांनी मान वळवली. उजवा कान माझ्याकडे केला आणि उदबत्तीकडे बघत राहिले. मुलाने विचारले तेव्हा म्हणाले, “राहिलं असंल. माणूस आहे, इसरतो.”

विसरतो. मी, ज्याने सेल न लावता एक स्पीकर बसवला नाही, मी अख्खे दार विसरलो.

त्या दिवसापासून मंचरच्या बाजारात माझे नाव ‘रिकामी जाळी’ पडले. कुणाच्या पोत्यात कांदा कमी भरला की म्हणत, रिकामी जाळी लावली वाटतं. अवसरी खुर्दच्या कॉलेजातली मुले आपल्या जुन्या गाड्या घेऊन माझ्याकडे येत, ती येईनाशी झाली. जी थोडी आली ती काम संपल्यावर जाळीवर बोटाने टिचकी मारून बघत. हसत हसत मारीत, पण मारीत. माझ्या घरच्यांनीही मला विचारले की खरे काय आहे. मी त्यांनाही सांगितले नाही. दिलीपरावांच्या लेखात ‘उस्ताद निरुत्तर झाले’ असे वाक्य आहे. निरुत्तर आणि गप्प यांत फरक असतो, पण तो कळायला उत्तर जवळ असावे लागते.

काही महिन्यांनी शेठजी जुन्नरला माझ्या दारात आले. एकटे, त्याच गाडीतून. मी उठलो नाही. ते ओट्यावर बसले, आणि सवयीने भिंत उजवीकडे घेऊन बसले.

“पेटी गेली परत,” ते म्हणाले.

मी सांगितले की मंचरच्या बाजारात उभे राहून खरे काय ते बोला, दुसऱ्या दिवशी पेटी आणून देतो.

“तुमी शब्द दिला व्हता, उस्ताद.”

“मी तो पाळला. घरातसुद्धा पाळला.”

“मग मी कुठला मोडला? मी कुठं काय कबूल केलं व्हतं?”

“शेठजी, रुमालाखाली दोघांचे हात असतात.”

त्यांचा चेहरा उतरला असे मी लिहिणार नाही. तसा तो उतरला नाही. बाजारातला माणूस तोटा चेहऱ्यावर दाखवीत नाही. ते म्हणाले की बोलणे त्यांच्याने होणार नाही, मुलांच्या हाती आडत अजून पुरती गेलेली नाही, आणि गेल्यावर तर मुळीच होणार नाही. मग ते उठले. गाडीपर्यंत गेले, दार उघडून गाणे लावले आणि तसेच उभे राहिले.

वाचक म्हणतील की मला दया आली. ही तिसरी कथा. ती गाडी माझ्या दारात पाहिलेले, पण कानाचे काही ठाऊक नसलेले जुन्नरातले माझे हितचिंतक ती सांगतात आणि मला ती दिलीपरावांच्या कथेइतकीच नापसंत आहे. मला दया आली नाही. त्या गाडीत डाव्या-उजव्याचा जोड उलटा झालेला होता. दारातून आवाज येत होता आणि त्यात ढोलकी नव्हती. सेल लावला नव्हता, दुसरे काय. ते मला माझ्या ओट्यावरून ऐकू येत होते, आणि ते ऐकत मी त्यांना जाऊ देणे शक्य नव्हते. मी त्यांना गाडी आत घ्यायला सांगितली.

नव्या प्लेयरच्या पोटात हात घालायला जागा नसते, म्हणून सीटखाली छोटा अ‍ॅम्प्लिफायर ठेवून त्याच्या आधी दोन्ही बाजू एकत्र केल्या. डावीकडे पूर्वीसारखे बसवले. उजव्या दारातला नवा स्पीकर काढला आणि नियमाप्रमाणे त्यांच्या हाती दिला. तो उघडा घरी नेता येईना, म्हणून त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्यात तो बांधला. त्यांची एक गाठ होती. आडतीवर वानगीच्या कांद्याचे गाठोडे ते तशीच बांधत, डाव्या हाताने पीळ देऊन, टोक आत दडपून. जाळी मी पुन्हा लावली. ती लावताना मला पूर्ण कळत होते की एक दिवस ती पुन्हा निघेल, आणि त्या दिवशी मी फसवणारा न राहता चोर होईन. हे कळूनही मी स्क्रू पूर्ण आवळले. ढिली जाळी खडखडते.

शेठजी गेल्याला आता काही काळ झाला. शेवटपर्यंत ते गाडी चालवत होते, आणि मंचर-जुन्नर रस्त्यावर ती गाडी समोरून आली की मला दुरूनही कळे, कारण खिडक्या बंद असूनही आत काहीतरी पूर्ण वाजत असे. ते गेल्यावर मुलाने गाडी विकायला काढली. विकण्यापूर्वी ती दिलीपरावांच्या दालनात गेली, जाळी निघाली, आणि गेल्या दिवाळीचा लेख तयार झाला.

लेख वाचून मी मंचरला शेठजींच्या घरी गेलो. शब्द ज्याला दिला होता तो माणूस उरला नव्हता; निदान त्याच्या मुलाला खरे कळावे, एवढाच हेतू होता. मुलाने मला आदराने बसवले, चहा दिला, सगळे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाला, “चाचा, झालं गेलं. स्पीकरचं आमी काय मागतोय का? पण गेलेल्या मानसाला बहिरं नका ठरवू. माझ्या बापानं एवढा बाजार सांभाळला, तो काय एका कानावर?”

मी म्हणालो, आईंना विचारा.

त्याने आईला बाहेर बोलावले आणि माझ्यासमोर विचारले. त्या डोक्यावरचा पदर सावरत उंबऱ्यात उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “त्यांचे दोन्ही कान शेवटपर्यंत चांगले होते.”

मी उठलो. अशा घरात माझ्यासारख्याने दुसऱ्यांदा विचारायचे नसते. पायऱ्या उतरून कोपऱ्यावर आलो तोच त्याच्या आई मागच्या दाराने आल्या. हातात गाठोडे होते.

“भाईसाहेब, लगीन झाल्यापास्नं मी त्यांच्या डाव्या अंगाला चालले. डाव्या अंगाला बसले, जेवायला वाढलं तरी डावीकडनं. लोकांना वाटायचं, रीत आहे. बायकोनं डावीकडंच बसायचं असतं ना.” एवढे बोलून त्यांनी गाठोडे माझ्या हातात ठेवले. “पोरासमोर मी न्हाई म्हणणार. ते गेले तरी न्हाईच म्हणणार. तुमाला लिहायचं तर लिहा. आता त्यांना बाजारात कोण फसवणार?”

मी विचारले, हे मला का देता?

“कपाटात सापडलं तर पोरगा इचारंल,” त्या म्हणाल्या, आणि परत गेल्या.

आत काय आहे हे मला वजनावरूनच कळले. रुमालातून लोहचुंबकाचा गोल हाताला लागतो, कडेची पत्र्याची चौकट लागते. दिलीपराव आपल्या लेखात विचारतात, उजव्या दारातला तो नवा स्पीकर गेला कुठे? त्यांच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास मी आज समर्थ आहे. तो जुन्नरला माझ्या घरी आहे. त्यांनी खुशाल साक्षीदार घेऊन यावे. मी निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून जगात एवढी एकच वस्तू उरली आहे, आणि ती माझ्या घरात सापडली की मी चोर ठरतो.

ते गाठोडे माझ्या कामाच्या टेबलावर असते. शेजारीच सेल पडलेला असतो. इतकी वर्षे पडून राहिल्यावर कागद अजून हलतो की नाही, हे बघायला हात शिवशिवतात; कागद्याचा मुलगा आहे. पण त्यावर शेठजींची गाठ आहे. ती गाठ आहे तोवर ते शेठजींनी स्वतःच्या हाताने नेलेले आणि स्वतःच्या घरी ठेवलेले गाठोडे आहे. ती सोडली की आत निघेल तो कुठल्याही गाडीतला, कुठलाही स्पीकर.